शेवटच्या लोकलच्या आधी

4 ऑक्टोबर 2019 हा शुक्रवार होता. आरे कॉलनीतली झाडं वाचवण्यासाठी केलेल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने दिवसा फेटाळल्या आणि रात्री मेट्रो कारशेडच्या जागेवर करवती सुरू झाल्या. बातमी फोनवरून फिरली. शुक्रवारी रात्री ज्या वयाची मुलं कुठे सिनेमाला, कुठे मित्राच्या खोलीवर, कुठे बारमध्ये असतात, त्याच वयाची मुलं गोरेगावच्या अंधाऱ्या रस्त्यांनी आरेत पोचली. जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. सोमवारी, 7 तारखेला, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती.

त्या दिवसांत या मुलांबद्दल जे बोललं गेलं ते मला अजून सलतं. ‘हीच पोरं उद्या मेट्रोने फिरतील’ हे एक. ‘काल आंदोलनात, आज पबमध्ये, यांना सगळाच टाइमपास’ हे दुसरं. पहिल्याला उत्तर सोपं आहे. मेट्रोला कुणाचाच विरोध नव्हता, वाद कारशेडच्या जागेचा होता. दुसरं विधान मात्र फार खोलवर रुतलेलं आहे, आणि ते फक्त विरोधक करतात असं नाही. चळवळीत हयात घालवलेली माणसंही दबक्या आवाजात तेच म्हणतात. मोर्च्याला येणारा मुलगा रात्री गाण्याच्या कार्यक्रमाला जातो, नाटक संपल्यावर दोन वाजेपर्यंत मरीन ड्राइव्हवर बसतो, याचा अर्थ त्याची निष्ठा पातळ आहे, असा तो हिशेब.

मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. शहरातल्या तरुण माणसाचं आंदोलन, त्याचं रात्रीचं हिंडणं आणि त्याचं नाटक-गाणं या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. तिन्हींना एकच जमीन लागते: अनोळखी माणसांबरोबर स्वस्तात, निवांत, कुणी हटकल्याशिवाय थांबता येईल अशी जागा आणि तिथून घरी परतायची सोय. ही जमीन आक्रसली की तिन्ही एकदम आक्रसतात. मुंबईत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हेच झालं आहे, आणि आपण मात्र तरुणांच्या निष्ठेची मापं काढत बसलो आहोत.

कल्याणला राहणारी, लोअर परळला नोकरी करणारी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. शनिवारी रात्री 9 चा पृथ्वी थिएटरचा प्रयोग तिला बघायचा असतो. जुहूहून रिक्षाने पार्ला स्टेशन, तिथून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि मग तासाभराचा प्रवास. प्रयोग 11 ला संपला तर ती टाळ्या वाजत असतानाच उठते. कलाकार बाहेर येतात, चहा होतो, कुणीतरी कुणाची ओळख करून देतं, पुढच्या आठवड्यात कुठे काय आहे हे कळतं. त्यातलं काहीच तिच्या वाट्याला येत नाही. तिकीट काढून नाटक बघितलं एवढंच. दादरला गाडी यायच्या आधी ती फोनची बॅटरी बघते, आईला ‘निघाले’ म्हणून कळवते, बायकांच्या डब्यात पोलीस आहे का ते बघून चढते. कल्याणला उतरल्यावर रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही. महिन्याच्या शेवटी ही रात्र तिला तिकिटापेक्षा महाग पडलेली असते.

तिने जे गमावलं ते वरवर पाहता फार नाही. पण चळवळी नेमक्या तिथेच जन्माला येतात. कुठल्याही आंदोलनात माणूस पहिल्यांदा एकटा येत नाही, कुणाच्या तरी ओळखीने येतो, आणि ही ओळख सभेत होत नाही. सभेत भाषणं होतात. ओळख सभेनंतरच्या टपरीवर होते, तालमीनंतर स्टेशनापर्यंत चालताना होते, एकत्र गाणं ऐकताना होते. ज्याच्याबरोबर हसला आहात त्याच्या शेजारी पोलिसांच्या गाडीत बसायला भीती कमी वाटते.

गिरणगावाला हे सांगावं लागलं नसतं. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे लालबाग-परळला रात्र अशी पुरती होतच नव्हती. पाळी सुटलेला कामगार खानावळीत जेवायचा आणि चाळीच्या चौकात भजन, लेझीम, तमाशा, कामगार नाटकांच्या तालमी यांतलं काही ना काही चाललेलं असायचं. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याच्या कार्यक्रमाला येणाऱ्या माणसाला कुणी विचारलं असतं की बाबा, तू करमणुकीला आलास की राजकारणाला, तर त्याला प्रश्नच कळला नसता. तो गण ऐकायला यायचा, बतावणीला पोट धरून हसायचा आणि जाताना महागाईविरुद्धच्या मोर्च्याची तारीख घेऊन जायचा. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन या रात्रींवर पोसलं गेलं. दिवसभर यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे स्वतःचा म्हणून वेळ होता तो रात्रीचाच, आणि त्याचं सगळं सार्वजनिक आयुष्य त्या वेळात मावत होतं.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गिरणगावची रात्र पुरुषांची होती. खानावळ चालवणारी बाई पन्नास-पन्नास माणसांची भांडी घासून मध्यरात्री आडवी व्हायची आणि पहाटेच्या पाळीसाठी पुन्हा चूल पेटवायची. चौकातला पोवाडा तिच्या कानावर पडला असेल तर चुलीपाशी बसूनच. ती रात्र जशीच्या तशी परत यावी असं म्हणणाऱ्याने तिला विचारून म्हणावं. पण एक गोष्ट त्या रात्रीत होती: तिथे असण्याचे पैसे पडत नव्हते.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनी मोकळ्या झाल्या. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 च्या डिसेंबरमध्ये ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब सुरू झाला. चांगला क्लब होता. देशभरातल्या स्वतंत्र बँडना तिथे मंच मिळाला, आणि 2016 मध्ये तो बंद झाला तेव्हा अनेकांना मनापासून वाईट वाटलं. म्हणजे वाईट गोष्ट येऊन चांगली गेली, अशी ही सरळसोट कथा नाही. पण ज्या आवारात रातपाळीचा भोंगा वाजायचा तिथे आता प्रवेश फी होती, आणि त्या फीच्या अलीकडे-पलीकडे दोन मुंबया झाल्या. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्तराँमध्ये लागलेल्या आगीत 14 जण गेले. बहुतेक ऐन तारुण्यातली माणसं, काही वाढदिवस साजरा करायला गेलेली. गच्चीवर केलेली आच्छादनं, अडवलेल्या वाटा आणि डोळेझाक केलेल्या परवानग्या यांची चर्चा काही दिवस झाली. त्याच आठवड्यात ‘एवढ्या रात्री बाहेर हवेत कशाला’ हेही ऐकू आलं. आगीची जबाबदारी वेळेवर ढकलली की इमारतीला आणि परवाना देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

छोट्या खोल्यांचंही असंच झालं. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून जवळजवळ दोन दशकं मराठी प्रायोगिक नाटक वाढलं. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने ती जागा चालवली. शाळेचा साधा हॉल, सुट्या खुर्च्या, खाली गल्लीत वडा. नाटक आवडलं नाही तर दिग्दर्शकाला जिन्यातच सांगता यायचं. मराठी रंगभूमीने त्या काळात जे धाडस केलं त्यात प्रतिभेचा वाटा मोठा होताच, पण भाडं परवडणाऱ्या हॉलचा वाटाही तेवढाच होता, असं मला ठामपणे वाटतं. नाटक पडलं तरी संस्था बुडत नव्हती. हॉल गेल्यावर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि चळवळ तिथेही तगली, कारण पुन्हा एक शाळाच मदतीला आली होती. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे कॅफे 2015 मध्ये बंद झालं, त्याच्या पुढच्या वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, 2018 मध्ये स्ट्रँड बुक स्टॉल. प्रत्येकाची कारणं वेगळी. पण एका चहावर दोन तास बसायच्या किंवा काही विकत न घेता चाळत राहायच्या जागा एका मागोमाग एक गेल्या, आणि त्यांच्या जागी तितक्या स्वस्त जागा आल्या नाहीत.

तरीही मुलं वाट काढतात. ‘स्वदेशी’ हा मुंबईचा रॅप करणाऱ्या मुलांचा गट. 2019 मध्ये त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं आणि त्यात आरेच्या केलटीपाड्यातले प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला. आरेत आदिवासींचे 27 पाडे आहेत हे मुंबईतल्या कितीतरी मुलांना आंदोलनाच्या आधी ठाऊक नव्हतं. कारशेडचा वाद वर्तमानपत्रांत बरीच वर्षं चालला होता, पण तिथे तो झाडं विरुद्ध विकास असाच मांडला जायचा. जंगलात माणसं राहतात, त्यांची भाषा आहे, देव आहेत, शेती आहे, हे या मुलांपर्यंत बऱ्याच अंशी गाण्यातून गेलं. आणि हे गाणं वाजलं कुठे? कॉलेजच्या महोत्सवांत, क्लबमध्ये, रात्रीच्या कार्यक्रमांत. नाचायला आलेल्या मुलाने नाचता नाचता पाड्याचं नाव ऐकलं. अण्णा भाऊंच्या कलापथकाच्या प्रेक्षकात आणि या मुलात मला काहीच फरक दिसत नाही. वाद्यं बदलली एवढंच.

आता जानेवारी 2020 कडे बघावं असं मी वाचकाला सुचवतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा त्या एका महिन्यात आहे. 5 जानेवारीला दिल्लीत जेएनयूमध्ये विद्यार्थ्यांवर हल्ला झाला आणि त्याच रात्री मुंबईतली मुलं गेटवे ऑफ इंडियापाशी जमली. रात्र तिथेच काढली. दुसरा दिवस आणि दुसरी रात्रही. डफ वाजत होता, गाणी होती, कविता होत्या, लोक पाणी आणि खाणं आणून देत होते. 7 तारखेला सकाळी पोलिसांनी त्यांना उचलून आझाद मैदानात नेलं. रहदारीची आणि पर्यटकांची गैरसोय होते, असं कारण दिलं गेलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 22 जानेवारीला, राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत बिगरनिवासी भागांतले मॉल, दुकानं आणि हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला मंजुरी दिली. ‘मुंबई 24 तास’ म्हणून त्याचं कौतुक झालं.

हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रात्री दोनला भूक लागलेल्या माणसाला गरम जेवण मिळावं, त्यातून कुणाला रोजगार मिळावा, हे चांगलंच आहे. पण एकाच महिन्यात शहराने दोन गोष्टी सांगितल्या: रात्री विकत घ्यायला बाहेर पडलास तर स्वागत आहे, रात्री नुसताच बसलास तर उठवू. त्या धोरणात मॉल होते, रेस्तराँ होती. रात्रीची बस नव्हती, स्वच्छतागृह नव्हतं, वाचनालय नव्हतं, तालमीची खोली नव्हती. रात्रीचं शहर ग्राहकाला दिलं गेलं, नागरिकाला नाही.

आंदोलनाच्या बाबतीत तर घड्याळ उलटं फिरलं. मुंबईत आंदोलन करायचं तर आझाद मैदानातच, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला परवानगी देताना अट होती ती अशी: एक दिवस, 5,000 माणसं, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. त्या आंदोलनाबद्दल कुणाचं मत काहीही असो, ही वेळ नीट वाचावी. 9 ते 6 म्हणजे कचेरीची वेळ. ज्याला नोकरी आहे, रोजंदारी आहे, कॉलेजात हजेरी आहे, त्याने निषेध करायचा कधी? रजा टाकून? रोजंदारीवरच्या माणसाला रजा नसते, त्याचा दिवस बुडतो. संध्याकाळी 6 ला संपणारा निषेध हा फक्त ज्यांना दिवस मोकळा आहे त्यांचा निषेध असतो. मग तरुणांच्या निष्ठेची मापं काढणारेच म्हणणार की आंदोलनात रिकामटेकडे येतात.

रात्रीचा प्रश्न निघाला की सुरक्षिततेचा मुद्दा येतो, आणि तो मुलींच्या बाबतीत येतो. तो मी हलका मानत नाही. पण 22 ऑगस्ट 2013 ला महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर बलात्कार झाला तेव्हा वेळ संध्याकाळची होती. ती कामावर होती, बरोबर सहकारी होता. धोका अंधारातून आला नाही, ओसाड पडलेल्या, कुणाची नजर नसलेल्या जागेतून आला. बंद गिरणीचं आवार वर्षानुवर्षं मोकाट सोडलं होतं. रस्त्यावर माणसं असणं, त्यांत बायका असणं, हाच रस्त्याचा पहारा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या 2011 च्या ‘व्हाय लॉइटर?’ या मुंबईवरच्या पुस्तकाने हे फार स्पष्टपणे मांडलं: बाईला बाहेर पडायला कारण द्यावं लागतं, कामाचं, देवाचं, मुलांच्या शाळेचं, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क पुरुषालाच आहे, आणि बाईला संरक्षणापेक्षा तो हक्क हवा आहे. हे पटायला मला वेळ लागला नाही, कारण रात्री साडेअकराच्या दादर स्टेशनावर नुसतं उभं राहिलं तरी ते दिसतं. पुरुष कठड्याला टेकून गप्पा मारत असतात. बाई चालत असते, कानाला फोन लावून, बहुतेकदा पलीकडे कुणी नसतानाही.

वरळीची अभ्यास गल्ली हे माझ्या म्हणण्याचं सगळ्यात जिवंत उदाहरण. सुदाम काळू अहिरे मार्गावर, पदपथावरच्या दिव्यांखाली, चाळींतली आणि झोपडपट्टीतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या रात्री अभ्यास करत आली. दहा बाय दहाच्या घरात सगळे झोपले की दिवा लावता येत नाही, म्हणून गल्ली. पुढे तिथे बसायला जागा आणि चांगले दिवे केले गेले. त्या गल्लीत रात्री वह्या घेऊन बसलेली पोरं हीसुद्धा मुंबईची ‘नाइटलाइफ’ आहे, हे धोरण आखणाऱ्याला एकदा दिसलं तर त्याच्या नकाशात बीकेसी आणि नरिमन पॉइंटच्या जोडीला आणखी बरीच नावं येतील.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतला झोपेचा मला सगळ्यात रास्त वाटतो. आजारी माणूस, तान्हं मूल, पहाटे पाचला उठून डबे करणारी बाई यांच्या उशाशी कुणी रात्री दोनला ढोल बडवावा हे मला मान्य नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि ते योग्यच झालं. त्याची किंमतही मोजावी लागली: पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या मैफली आवरत्या घ्याव्या लागल्या, तमाशाच्या फडांचं गणित बिघडलं. पण त्याच नियमांत एक सूट आहे जिच्याकडे कुणी बघत नाही. बंदिस्त सभागृहांना, ज्यांचा आवाज आतल्या आतच राहतो त्यांना, ही रात्रीची बंदी लागू नाही. म्हणजे झोप आणि मैफल या दोन्ही गोष्टी एका शहरात राहू शकतात, खोल्या असल्या तर. आणि खोल्या आहेत! मुंबई महापालिकेच्या शेकडो शाळांचे हॉल संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात. छबिलदासने आणि माहीमच्या शाळेने जे करून दाखवलं ते प्रत्येक वॉर्डात एका शाळेला करता येईल: साधं भाडं, एक शिपाई, एक पंखा, रात्री अकराला कुलूप. तालीम होईल, वाचन होईल, भाडेकरूंची बैठक होईल, एखाद्या मुलीचा पहिला कवितावाचनाचा कार्यक्रम होईल.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो: तुमच्या रात्रीसाठी राबतं कोण? स्वयंपाकी, भांडी घासणारा, रखवालदार, रात्री दीडला पार्सल पोचवणारा मोटरसायकलवरचा मुलगा. खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मौजेचा नाही. डान्स बारवर 2005 मध्ये बंदी आली तेव्हा तिथे नाचणाऱ्या बायकांच्या पोटाचा विचार कुणी केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवेपर्यंत आठ वर्षं गेली आणि तोवर कित्येकींची आयुष्यं देशोधडीला लागली होती. रात्र बंद करणं हा रात्री राबणाऱ्यांवरचा उपकार कधीच नसतो. त्यांना हवी असते घरी जायची गाडी, जादा पगार, बसायला खुर्ची. नाटक बघून परतणारी कल्याणची मुलगी आणि हॉटेलातून सुटलेला आचारी एकाच फलाटावर एकाच गाडीची वाट बघत असतात. मला यातच आशा दिसते. या दोघांची मागणी एक आहे, आणि ज्या दिवशी तिला हे कळेल त्या दिवशी तिचं आंदोलन तिच्या वर्गाच्या बाहेर पडेल.

तिसरा आक्षेप, आंदोलनाची सहल झाली आहे, फोटोपुरते येतात. येतात. आरेतल्या रविवारच्या निदर्शनांना गिटार घेऊन, कुत्रं घेऊन आलेली मुलं होती. जे पाड्यात राहतात त्यांना हा उत्साह कधी कधी टोचला असेल, कारण पुढच्या रविवारी यातले निम्मे दिसत नाहीत. पण निम्मे दिसतात, हेही खरं. कुणीही पहिल्या दिवशी कार्यकर्ता म्हणून येत नाही. कुतूहलाने, मैत्रिणीसाठी, गर्दी बघून येतो. राहणाऱ्यांना राहू द्यावं आणि जाणाऱ्यांच्या मनात दार उघडं राहील असं वागावं, हे जुन्या कार्यकर्त्यांचं काम. हजेरी घेणं हे त्यांचं काम नाही.

शहराला जमत नाही असंही नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून जवळपास 180 किलोमीटर चालत आलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च शीवच्या सोमैया मैदानात थांबला होता. सकाळी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाट अडू नये म्हणून, सोललेल्या पायांनी, ते लोक रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. त्या रात्री मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. आणि दरवर्षी 5 डिसेंबरची रात्र. चैत्यभूमीला येणारे लाखो लोक शिवाजी पार्कात उतरतात. महापालिका मांडव घालते, पाणी, दिवे, फिरती स्वच्छतागृहं देते, रेल्वे मध्यरात्रीनंतर जादा लोकल सोडते. मैदानात पुस्तकांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली विशीतली मुलं दिव्याखाली उभी राहून ‘शेतकऱ्याचा असूड’ चाळतात, संविधानाची प्रत घेतात, दोन पावलांवर वामनदादा कर्डकांची गाणी चाललेली असतात, पलीकडे कुणी शाहीर जलसा करतो, कुणी शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर सह्या गोळा करतो. अभिवादन, आंदोलन, गाणं, पुस्तक, रात्र, मैत्री, सगळं एकाच मैदानात, आणि यांतलं कुठलं गंभीर आणि कुठलं नाही हे वेगळं काढायला कुणाला सवड नसते. माझ्या मते हा मुंबईतला सर्वांत मोठा सांस्कृतिक महोत्सव आहे, आणि दादरचे जे रहिवासी त्या दोन दिवसांत गाव सोडून जातात त्यांनी एक रात्र तरी थांबून तो बघावा.

जादा लोकल अनंत चतुर्दशीलाही सुटतात, 31 डिसेंबरलाही. एरवी रुळांच्या आणि ओव्हरहेड वायरच्या देखभालीसाठी मध्यरात्रीनंतरचे ते दोन-तीन तास रेल्वेला लागतात, हे मी मान्य करतो. त्या कामात हयगय झाली तर जीव जातात. पण बसला रूळ लागत नाहीत. शुक्रवार-शनिवारी रात्री एक ते चार, रेल्वेच्या तिन्ही मार्गांना समांतर, दर अर्ध्या तासाला एक बस, एवढीच ही मागणी आहे. अडचण अशी की बेस्टच्या गाड्या कमी होत चालल्या आहेत, मे 2025 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं आहे, आणि कल्याणपर्यंत जायचं तर बेस्ट, ठाण्याची परिवहन सेवा आणि कल्याण-डोंबिवलीची परिवहन सेवा या तिघांना एकमेकांशी बोलावं लागेल.

आणि इथे मला या मुलांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. गेटवेला दोन रात्री बसणं सोपं नव्हतं, पण वॉर्ड ऑफिसच्या बाकावर दोन दुपारी बसणं त्याहून कंटाळवाणं आहे आणि ते तुम्ही टाळता. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासक चालवत होता. त्याविरुद्ध गेटवेला कुणी डफ वाजवल्याचं मला आठवत नाही. शाळेचा हॉल, रात्रीची बस, बायकांचं स्वच्छतागृह, पदपथावरचा दिवा, हे निर्णय दिल्लीत होत नाहीत. ते वॉर्डात होतात, बेस्ट समितीत होतात. पुढच्या प्रयोगानंतर पाच जणांनी मिळून एक अर्ज लिहा: आपल्या वॉर्डातल्या अमुक शाळेचा हॉल शनिवारी संध्याकाळी सहा ते अकरा मिळावा. त्याच्या दोन प्रती काढा, एक वॉर्ड ऑफिसला द्या, दुसरीवर पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की त्या अर्जाचं काय झालं.